रानातलं गाव : बिएल्स्की बंधू आणि ज्यू पार्टिझन

रानवाट

नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "एवढी लाखो माणसं होती, मग लढली का नाहीत?" मला हा प्रश्न फार पूर्वीपासून सलतो. विचारणारा बहुतेक वेळा भाबडेपणानं विचारतो, पण नकळत मेलेल्यांवरच ठपका ठेवून जातो. शिवाय तो वस्तुस्थितीला धरूनही नाही. पूर्व युरोपातल्या जंगलांमध्ये २० ते ३० हजार ज्यू पार्टिझन म्हणून, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला राहून गनिमी काव्यानं, लढले. वॉर्सा, विल्ना, मिन्स्क, बियालिस्तोक अशा कितीतरी घेट्टोंमध्ये, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांमध्ये, गुप्त संघटना उभ्या राहिल्या. सोबिबोर आणि त्रेब्लिंका या मृत्युछावण्यांतही उठाव झाले.

आज मात्र एकाच जागेबद्दल सविस्तर लिहायचंय, कारण लढायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचा निर्णय तिथे फार वेगळा घेतला गेला.

आजच्या बेलारूसच्या पश्चिमेला नोवोग्रुदेक नावाचं शहर आहे. युद्धाआधी ते पोलंडमध्ये होतं. १९३९च्या सप्टेंबरात तिथे सोव्हिएत सैन्य आलं आणि १९४१च्या उन्हाळ्यात जर्मन आले. शहराजवळच्या स्तान्केविचे या खेड्यात बिएल्स्कींचं घर होतं, त्यांची पिठाची गिरणी होती. खेड्यातलं हे एकटंच ज्यू कुटुंब. पुढच्या सगळ्या गोष्टीला हा तपशील फार महत्त्वाचा आहे. त्या भागातले बहुतेक ज्यू शहरगावांत राहणारे, दुकानदार, शिंपी, मोची, शिक्षक. रानाशी त्यांचा संबंध नव्हता. बिएल्स्कींची पोरं मात्र शेतकऱ्यांत वाढलेली, त्यांची भाषा बोलणारी. कुठल्या पायवाटेनं कुठे निघता येतं, कुठला शेतकरी भरवशाचा आणि कुठला नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

८ डिसेंबर १९४१ला नोवोग्रुदेकच्या सुमारे ४ हजार ज्यूंना शहराबाहेर नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. त्याच डिसेंबरात बिएल्स्कींचे आईवडील आणि घरची आणखी माणसं मारली गेली. तुव्हिया, असाएल, झुस आणि अजून पोरगेला असलेला धाकटा अहरॉन हे भाऊ रानात निसटले. १९४२च्या वसंतात नातलग आणि ओळखीचे मिळून तीसेक माणसं जमली आणि तुव्हिया त्यांचा म्होरक्या झाला. तो जुना पोलिश सैनिक, तेव्हा छत्तिशीतला.

आता इथे खरा प्रश्न उभा राहिला. तीस दणकट माणसं रानात सहज लपू शकतात. रोज जागा बदलता येते, जेवण कमी लागतं. म्हाताऱ्या बायका, तान्ही मुलं, आजारी माणसं आणली की चुली वाढतात, धूर वाढतो, बर्फात पावलं उमटतात, रात्री मूल रडतं. त्या काळातली बहुतेक पार्टिझन दलं येणाऱ्याला पहिलं विचारायची की बंदूक आहे का. नसेल तर परत जा. तुव्हियानं ठरवलं की जो कुणी ज्यू इथवर पोचेल त्याला घ्यायचं. एवढ्यावर तो थांबला नाही. नोवोग्रुदेक आणि लिडाच्या घेट्टोंमध्ये त्यानं वाटाडे पाठवले, चिठ्ठ्या पाठवल्या की निघा, आम्ही आहोत. दहा जर्मन मारण्यापेक्षा एक म्हातारी ज्यू बाई वाचवणं मला महत्त्वाचं वाटतं, अशा अर्थाचं तो वारंवार सांगत असे.

त्याच्या भावांना आणि सोबतच्या तरुणांना हे सगळं पटत होतं असं नाही. वाद झाले. खाणारी तोंडं वाढतील, सगळेच मरू, हे म्हणणं काही चुकीचं नव्हतं. तरी तुव्हिया हटला नाही.

१९४३च्या उन्हाळ्यात जर्मनांनी नालिबोकीच्या अरण्यात हजारोंचं सैन्य घुसवून मोठी मोहीम काढली. तेव्हा ही माणसं शेकड्यांनी झाली होती. दलदलीतून, कमरेएवढ्या चिखलातून, मुलांना खांद्यावर घेऊन ती क्रास्नाया गोर्का नावाच्या बेटासारख्या उंचवट्यावर गेली आणि जर्मन निघून जाईपर्यंत जवळजवळ उपाशी तिथेच दडून बसली.

मोहीम ओसरल्यावर त्याच अरण्यात त्यांनी कायमचा तळ वसवला. जमिनीत अर्ध्या खणलेल्या, वर ओंडक्यांचं छप्पर घालून फांद्यांनी झाकलेल्या खोल्या. मधून एक रस्ता. मोठ्या सामायिक स्वयंपाकघरात सगळ्यांचं रटरटतं सूप. बेकरी, घोड्यानं फिरवायची गिरणी, लोहारकाम, सुतारकाम, शिवणकाम, बूट-खोगिरांची दुकानं, घड्याळजी, न्हावी, साबण करणारे, चामडं कमावायचा कारखाना, बंदुका दुरुस्त करणारे. उवा आणि टायफस थोपवायला वाफेचं न्हाणीघर. दवाखाना, मुलांची शाळा, कोठडीसुद्धा. चामड्याच्या कारखान्यातच प्रार्थना होत. आजूबाजूची रशियन पार्टिझन दलं फाटके बूट आणि बिघडलेल्या बंदुका घेऊन इथे येत आणि मोबदल्यात पीठ, मांस, काडतुसं देत. लोक या तळाला रानातलं जेरुसलेम म्हणू लागले.

१९४४च्या जुलैमध्ये जर्मन माघारी फिरले तेव्हा या रानातून बाराशेहून जास्त माणसं चालत बाहेर आली. त्यात बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती.

यावर हॉलिवूडचा सिनेमाही येऊन गेलाय. त्यात लढाया भरपूर आहेत आणि शिंपी-मोची फार थोडे. मला मात्र तेच जास्त महत्त्वाचे वाटतात. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.

---

चाफेकळी

फार सुंदर लिहिलंय. न्हाणीघर आणि शाळा वाचून अंगावर काटा आला. एक प्रश्न, शस्त्रं आली कुठून? आणि एवढ्या माणसांना रोज खायला काय मिळायचं?

---

रानवाट

धन्यवाद चाफेकळी. शस्त्रांची सुरुवात शेतकऱ्यांकडूनच झाली. १९४१ला सोव्हिएत सैन्य घाईघाईनं मागे हटलं तेव्हा बंदुका, काडतुसं शेतांत आणि ओढ्याकाठी पडून राहिली. गावकऱ्यांनी ती उचलून गवताच्या गंजीत लपवली होती. काही विकत घेतली, काही धाक दाखवून मिळवली, पुढे जर्मनांच्या हाताखालच्या स्थानिक पोलिसांवर हल्ले करून हिसकावली. तरी शेवटपर्यंत तळावरच्या थोड्याच लोकांकडे हत्यार होतं.

खाण्याचं उत्तर इतकं सुखाचं नाही. रात्री दहाबारा सशस्त्र माणसं दूरच्या खेड्यांत जात आणि बटाटे, पीठ, एखादी गाय घेऊन येत. काही शेतकरी आपणहून देत. कॉन्स्टान्टी कोझ्लोव्स्की या बेलारूशी माणसानं तर घेट्टोतून पळालेल्यांना घरी लपवून रानापर्यंत पोचवलं, निरोपांची ने-आण केली. पण बाकीच्यांकडून बंदुकीच्या जोरावरच घ्यावं लागे. तो शेतकरी आधीच जर्मनांना धान्य देऊन, रशियन पार्टिझनांना देऊन आणि पोलिश दलांना देऊन पिचलेला असे. त्याच्या दारात रात्री येणारी ही चौथी टोळी. हे नजरेआड करून या लोकांचं कौतुक करता येणार नाही.

---

अभिजात१९

लेख चांगला आहे, पण एक शंका मांडतो. पार्टिझन म्हणजे शत्रूच्या पिछाडीला राहून गनिमी काव्यानं लढणारा. रसद तोडणं, पूल उडवणं, रेल्वे उखडणं. इथे तर बहुतेक लोक बूट शिवत होते. याला निर्वासितांची छावणी म्हणावं, प्रतिकार कशाला म्हणायचं? माणसं वाचवली हे थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शब्द सैल वापरू नयेत.

---

रानवाट

अभिजात, शंका रास्त आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे ते लढलेही. झुस आणि असाएल पक्के लढवय्ये होते. पंचेन्कोव्ह या रशियन म्होरक्याच्या दलाबरोबर त्यांनी हल्ले केले, जर्मनांकडे जायचं धान्य जाळलं, पोलीसचौक्यांवर धाडी घातल्या. पुढे सोव्हिएत अधिकाऱ्यांनी दलाचे दोन भाग केले. लढणारे ओर्द्झोनिकिद्झे नावाच्या तुकडीत गेले, कुटुंबं आणि कारागीर कालिनिन नावाच्या तुकडीत तुव्हियाकडे राहिले. त्या भागाचा वरिष्ठ सोव्हिएत सेनानी प्लातोन (खरं नाव चेर्निशेव्ह) तळ बघायला आला आणि कामाची दुकानं बघून त्यानं तळाला पाठबळ दिलं. म्हणजे बूट शिवणंसुद्धा युद्धाचाच भाग ठरलं. ते बूट घालूनच रशियन दलं रेल्वे उखडायला जात होती.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. प्रतिकार कशाला म्हणायचं हे शत्रूचा हेतू काय आहे त्यावर ठरतं. बाकीच्या युद्धांत शत्रूला जमीन हवी असते, सत्ता हवी असते, म्हणून पूल उडवला की त्याचं काम अडतं. इथे शत्रूचा हेतूच मुळी असा होता की त्या भागात एकही ज्यू, तान्हं मूलसुद्धा, जिवंत राहू नये. मग सत्तर वर्षांची बाई हिवाळा काढून वसंतात जिवंत असणं, याच्याइतका शत्रूचा पराभव दुसऱ्या कशात आहे? जर्मनांनीही तिला निरुपद्रवी निर्वासित मानलं नव्हतं. सापडली असती तर बंदूकवाल्याइतकीच तत्काळ मारली असती.

---

पुस्तकपंढरी

+१ रानवाट. विल्नाबद्दल थोडं जोडते, कारण 'का लढले नाहीत' याचं खरं उत्तर मला तिथे मिळालं.

विल्ना म्हणजे आजचं लिथुआनियातलं विल्निअस. ज्यूंच्या विद्येचं माहेरघर. १९४१च्या अखेरीपर्यंत तिथल्या ज्यूंपैकी बहुसंख्य माणसं पोनारच्या जंगलातल्या खड्ड्यांवर नेऊन मारली गेली होती. उरलेल्यांना वाटत होतं की नेलेले लोक कुठेतरी कामाच्या छावणीत असतील. त्या ३१ डिसेंबरच्या रात्री तरुणांच्या एका गुप्त बैठकीत अब्बा कोव्हनर या २३ वर्षांच्या कवीचं निवेदन वाचलं गेलं. पोनारचा रस्ता म्हणजे मरणच, हिटलरला युरोपातले सगळे ज्यू संपवायचेत, तेव्हा कत्तलीला जाणाऱ्या मेंढरांसारखं जायचं नाही, लढायचं. लक्षात घ्या, तेव्हा मृत्युछावण्यांची पुरती बातमी बाहेर कुणालाच नव्हती. हे त्यानं केवळ पोनारवरून ताडलं. हेच शब्द पुढे काही लोकांनी मेलेल्यांना दूषण म्हणून वापरले, याचं मला फार वाईट वाटतं. ते आतून, आपल्याच माणसांना दिलेली हाक होती.

तीन आठवड्यांत त्यांनी संघटना उभी केली. यित्झॅक विटेनबर्ग हा कम्युनिस्ट तिचा प्रमुख. जर्मनांच्या शस्त्रागारात वेठीला जुंपलेल्या ज्यू कामगारांनी बंदुकांचे भाग लपवून घेट्टोत आणले. १९४२च्या उन्हाळ्यात व्हिट्का केम्पनर ही तरुण मुलगी घरगुती बॉम्ब घेऊन घेट्टोबाहेर निसटली आणि रेल्वेमार्गावर तो लावून आली.

मग जुलै १९४३. विटेनबर्गचं नाव गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, कळलं. त्याला द्या, नाहीतर सगळ्या घेट्टोला भोगावं लागेल, असा निरोप आला. घेट्टोचा ज्यू प्रमुख याकोब गेन्स यानं लोकांना ते सांगितलं, आणि घेट्टोतलीच माणसं रस्त्यावर उतरून विटेनबर्गला सोपवा म्हणून ओरडू लागली. एका माणसासाठी वीस हजार जणांनी का मरायचं? पार्टिझनांकडे बंदुका होत्या, पण त्या चालवायच्या तर स्वतःच्याच लोकांवर. विटेनबर्ग स्वतःहून बाहेर आला, जर्मनांच्या स्वाधीन झाला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कोठडीत मेला.

थोड्याच दिवसांत एक गट रानाकडे निघाला. वाटेत जर्मनांनी गाठून त्यातले कित्येक मारले आणि मागे राहिलेल्या त्यांच्या घरच्यांनाही ठार केलं. म्हणजे तुम्ही पळालात तर तुमची आई मरते. यानंतर 'का लढले नाहीत' हा प्रश्न मी तरी कुणाला विचारू शकत नाही. सप्टेंबरात घेट्टो रिकामं केलं जात असताना कोव्हनर आणि उरलेले सोबती गटारांतून बाहेर पडून रुद्निकीच्या जंगलात गेले.

बिएल्स्कींचं मोठेपण मला इथे दिसतं. विल्नाच्या पोरांना घर किंवा लढाई यांतलं एक निवडावं लागलं. तुव्हियानं दोन्ही रानातच नेलं.

---

चाफेकळी

पुस्तकपंढरीताई, विटेनबर्गचा प्रसंग वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

---

माळरान

एक अप्रिय मुद्दा मांडतो. नोकरीनिमित्त माझं पोलंडला बरंच राहणं झालं. तिथल्या काही सहकाऱ्यांसमोर बिएल्स्कींचं नाव काढलं की चेहरे बदलतात. ८ मे १९४३ला नालिबोकी गावात सोव्हिएत पार्टिझनांनी सव्वाशेच्या वर पोलिश गावकरी मारले. त्यात बिएल्स्कींची माणसं होती असं तिथे अनेक जण मानतात. लिथुआनिया-बेलारूस सीमेजवळच्या कोनियुखी गावाचंही तसंच आहे. ज्यूंना देवत्व देऊन आपण दुसऱ्यांच्या मृतांवर पडदा टाकतोय का?

---

रानवाट

माळरान, मुद्दा काढलात ते बरंच केलंत. जमेल तितकं नेमकं लिहितो.

नालिबोकीची कत्तल सोव्हिएत पार्टिझनांनी केली यात वाद नाही. पोलंडच्या सरकारी स्मृतिसंस्थेनं तिचा तपास केला. काही साक्षीदारांनी बिएल्स्कींच्या माणसांची नावं घेतली, पण त्यांचा सहभाग सिद्ध झाला नाही. शिवाय त्या मे महिन्यात बिएल्स्कींचा गट नालिबोकीच्या अरण्यात नव्हताच, तो तिथे उन्हाळ्यात आला. दोन्हींच्या मध्ये हा काळाचा फरक आहे, त्यामुळे हे नाव मी त्या कत्तलीला जोडणार नाही.

कोनियुखीचं तसं नाही. २९ जानेवारी १९४४ला सोव्हिएत पार्टिझनांनी तिथे बायकापोरांसकट गावकरी मारले, आणि त्या हल्ल्यात रुद्निकीच्या जंगलातले ज्यू पार्टिझनही होते. गावाकडे जर्मनांनी दिलेल्या बंदुका होत्या, गाव पार्टिझनांवर गोळीबार करत होतं, असं एक बाजू सांगते. मेलेल्या मुलांचं समर्थन त्यानं होत नाही. २००८च्या आसपास लिथुआनियाच्या सरकारी वकिलांनी फानिया ब्रान्त्सोव्स्काया या वृद्ध माजी पार्टिझन बाईंची त्या संदर्भात चौकशी करायचं काढलं. ज्या देशात ज्यूंना मारण्यात हात असलेल्या स्थानिकांवर क्वचितच खटले उभे राहिले, तिथे घेट्टोतून वाचलेल्या म्हातारीच्या मागे लागणं मला अन्याय्य वाटतं. आणि कोनियुखीचे मृत विसरणंही अन्याय्यच वाटतं. ही दोन्ही मतं माझी आहेत, त्यांतलं एक सोडून द्यायची माझी तयारी नाही.

बिएल्स्कींच्या बाबतीतही कठोर गोष्टी आहेत. ज्यूंना पकडून जर्मनांना देणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी मारलं, कधी घरादारासकट. त्यामागे दहशत बसवण्याचाच हेतू होता, आणि ती बसली. त्यानंतर ज्यूंना पकडून देणं कमी झालं. तळ सोडून निघायच्या वेळी तुव्हियानं आज्ञा मोडणाऱ्या एका ज्यू माणसालाही गोळी घातली. एवढं जगवल्यावर अगदी शेवटी! त्याच्याबरोबर राहिलेल्या काहींनी हे कधी माफ केलं नाही.

---

जाईजुई

बायकांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते.

फेय शुलमन. माहेरची फाइगल लाझेब्निक. पूर्व पोलंडच्या पोलेसिया भागातल्या लेनिन नावाच्या लहान गावातली छायाचित्रकार. १४ ऑगस्ट १९४२ला जर्मनांनी त्या घेट्टोतले १८५० ज्यू मारले. कामाची म्हणून जी थोडी माणसं ठेवली त्यात ही, कारण जर्मन अधिकाऱ्यांना फोटो काढून हवे असत. त्यांनी दिलेल्या फिल्म धुताना एका फोटोत तिला खंदकातली प्रेतं दिसली आणि त्यांत आपल्याच घरची माणसं ओळखू आली. त्या फोटोची एक प्रत तिनं लपवून ठेवली. पुढे पार्टिझनांनी गावावर धाड घातली तेव्हा ती त्यांच्याबरोबर रानात गेली. मेव्हणा डॉक्टर होता एवढ्या आधारावर तिला परिचारिका म्हणून घेतलं, बाकी सगळं काम ती रानातल्या डॉक्टरकडून शिकली. नंतरच्या एका धाडीत तिनं आपला कॅमेरा आणि साहित्य परत मिळवलं. रात्री पांघरुणाखाली अंधार करून ती फोटो धुवायची. पार्टिझनांचे जे फोटो आज आपण बघतो त्यांत तिचे कितीतरी आहेत. युद्धानंतर ती कॅनडात गेली आणि २०२१ मध्ये वारली.

एका फोटोत ती बिबट्याच्या कातड्याचा कोट घालून, हातात रायफल घेऊन बर्फात उभी आहे. शोधून बघा.

पण सगळ्यांच्या वाट्याला असं स्थान आलं नाही. रशियन दलांत एकट्या ज्यू मुलीला दुहेरी भीती होती, शत्रूची आणि आपल्याच तळावरच्या पुरुषांची. अनेकींनी बंदूकवाल्या माणसाचा आधार धरला, कधी मनानं, कधी नाइलाजानं. बिएल्स्कींच्या तळावरही शहरातली शिकलेली मुलगी आणि खेड्यातला बंदूकवाला अशा कितीतरी जोड्या जमल्या, एरवीच्या जगात जमल्या नसत्या अशा. त्यातली बरीच लग्नं आयुष्यभर टिकली. पण त्या मुलींना नकार द्यायची मुभा किती होती, हेही विचारायला हवं.

---

रानवाट

जाईजुई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. तळावर प्रतिष्ठेची उतरंडच उलटली होती. बूट शिवणारा, लोहार, बंदूक दुरुस्त करणारा यांना मान. हातात कला नसलेले वकील, व्यापारी, मास्तर जळण फोडायला. त्यांच्यासाठी एक टोचणारं टोपणनावही होतं. जिथे सगळे सारखेच जिवावर उदार झालेले, तिथेही उच्चनीच होतंच.

---

पंचगंगा

मी कोल्हापूरचा. इथे एक खरा धागा जुळतो. आमच्या शहराजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या. गावातल्या जुन्या माणसांकडून त्यांच्याबद्दल ऐकत आलोय.

हे लोक पोलंडच्या पूर्व भागातले, म्हणजे नोवोग्रुदेक, विल्ना, पोलेसिया, वोल्हिनिया याच पट्ट्यातले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएतांनी त्यांना गाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं आणि सुटका झाल्यावर इराणमार्गे ते भारतात आले. एकाच जिल्ह्यातली काही माणसं जर्मनांपासून वाचायला रशियन पार्टिझनांच्या आसऱ्याला गेली आणि काही माणसं त्याच रशियनांमुळे देशोधडीला लागून पंचगंगेच्या काठी आली. माळरान म्हणतात तसे पोलिश लोकांचे चेहरे का बदलतात, ते यातून थोडं समजतं. ज्यूंना रेड आर्मी (सोव्हिएत सैन्य) म्हणजे जीवदान होतं, पोलिशांना ती दुसरी वरवंटा फिरवणारी सत्ता होती.

---

माळरान

पंचगंगा, मनापासून आभार. इतकी वर्षं तिकडे राहून मला हे असं जोडता आलं नव्हतं.

---

चाफेकळी

लेखात नोवोग्रुदेकच्या घेट्टोतून माणसं येत राहिली असं आहे. ती यायची कशी? पहारा नव्हता का?

---

रानवाट

होता, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगितल्याशिवाय धागा पुरा होणार नाही.

१९४३च्या मे महिन्यात तिथल्या उरलेल्यांपैकी निम्मे मारले गेले. सुमारे अडीचशे कारागीर राहिले, जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, काटेरी तारांच्या आत. आधी त्यांनी पहाऱ्यावर हल्ला करून पळायचं ठरवलं होतं. ते जमण्यासारखं नाही म्हटल्यावर झोपायच्या फळ्यांखालून भुयार खणायला घेतलं. हत्यारं कारखान्यातल्याच लोखंडाची. सुतारांनी छताला टेकू द्यायला फळ्या केल्या आणि माती ओढायला लाकडी रुळांवर चालणारी छोटी गाडी बनवली. घोंगड्या फाडून मातीच्या पिशव्या शिवल्या. माती पोटमाळ्यावर आणि दुहेरी भिंती उभारून त्यांच्या मधे भरली. विजेचं काम जाणणाऱ्या एकानं चोरून तार ओढून भुयारात दिवे लावले.

आधी भुयाराचं तोंड गव्हाच्या उभ्या पिकात काढायचं ठरलं होतं. पण पीक कापलं गेलं आणि शेत उघडं पडलं. मग त्यांनी भुयार आणखी लांबवलं, दोनशे मीटरच्या आसपास नेलं. २६ सप्टेंबर १९४३, वादळी पावसाची रात्र. छावणीचे शोधदिवे बिघडवले गेले, कुणाच्या मागे कुणी जायचं याची यादी आधीच ठरलेली. पोटावर सरपटत एकेक जण बाहेर पडला. उजेडाच्या भुयारातून एकदम काळोखात आल्यानं काहींना दिशाच कळली नाही आणि ते पुन्हा छावणीकडेच धावले. पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. साठसत्तर तरी मारले गेले. उरलेल्यांपैकी बहुतेक जण दिवसा लपत, रात्री चालत बिएल्स्कींच्या तळावर पोचले.

आता सांगा अभिजात, ते सुतार लढत होते की नव्हते?

---

अभिजात१९

लढत होते. माझ्या व्याख्येत त्या सुतारांना जागा नव्हती, ती करायला हवी हे मान्य. पण भावांचं पुढे काय झालं?

---

रानवाट

असाएल रेड आर्मीत भरती झाला आणि १९४५ला क्योनिग्सबर्गच्या लढाईत पडला. तुव्हिया आणि झुस पॅलेस्टाइनला गेले आणि १९५०च्या दशकात न्यूयॉर्कला. ज्यानं बाराशे माणसांचं रानातलं गाव चालवलं तो तुव्हिया ब्रुकलिनमध्ये ट्रक चालवायचा. तो १९८७ला गेला. आधी न्यूयॉर्कजवळ पुरला होता, नंतर त्याला जेरुसलेमला नेऊन लष्करी मानवंदनेसह पुन्हा दफन केलं. झुस १९९५ला गेला.

---

जाईजुई

तिथे आज बघण्यासारखं काही उरलंय का? बेलारूसला जाणारे मराठी पर्यटक थोडे, पण कुणाला जायचं असेल तर.

---

रानवाट

नोवोग्रुदेकमध्ये त्या छावणीच्याच जागेवर ज्यू प्रतिकाराचं छोटं संग्रहालय आहे, २००७ पासून. झोपायच्या फळ्या आणि भुयाराची सुरुवात होत असे ती जागा तिथे दाखवतात. मिन्स्कहून गाडीनं साधारण १५० किलोमीटर. नालिबोकीचं अरण्य त्याच बाजूला आहे. पण तळाच्या जागेपर्यंत जायचं तर स्थानिक वाटाड्या लागतोच. मिन्स्कच्या घेट्टोबद्दल पुढच्या आठवड्यात वेगळं लिहितो. तिथून सुमारे १० हजार माणसं रानाकडे निसटली आणि त्यांना वाट दाखवणाऱ्यांत दहा-बारा वर्षांची मुलं होती. तो विषय इथे आटोपता येणार नाही.